साथीला नाव देण्याआधी

साथ आली की दोन तऱ्हेची माणसे कामाला लागतात. एक माणूस गावात जातो, दारोदार हिंडतो. कोण आजारी पडले, कधी पडले, त्याआधीच्या आठवड्यात कुठे गेले होते, काय खाल्ले होते, हे विचारत वही भरतो. दुसरा माणूस प्रयोगशाळेत असतो. गावाहून आलेले रक्त, थुंकी, पाणी, मेलेला उंदीर किंवा गोचीड यांत काय सापडते ते तो पाहतो. पहिल्याला क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ म्हणतात. दुसऱ्याला आपल्याकडे धड नावही नाही. 'लॅबवाले' एवढ्यावर त्याची ओळख संपते. वैद्यकाची किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी मिळाली म्हणून यांपैकी कोणतेच काम आपोआप येत नाही. ते शिकावे लागते, आणि ते शिकवण्याच्या रीतसर योजना जगभर आहेत. पहिल्यासाठीची योजना अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झाली. दुसऱ्यासाठीची योजना तिच्याच धर्तीवर, त्याच संस्थेत, २०१५ मध्ये निघाली. मधली चौसष्ट वर्षे हा या लेखाचा विषय आहे.

या योजनांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्या चालवणाऱ्या संस्थाच लिहितात. किती देश, किती तुकड्या, किती पदवीधर, असा त्या लेखनाचा नूर असतो. एखाद्या ग्रंथाकडे समीक्षक ज्या प्रश्नाने पाहतो, म्हणजे जे करायचे ठरवले ते साधले का, त्या प्रश्नाने या योजनांकडे क्वचित पाहिले जाते. येथे तसा प्रयत्न आहे. पुराव्यादाखल तीन साथी घेतल्या आहेत : १९५७ ची क्यासनूरची, १९९४ ची सुरतेची आणि २०१४ ची मुझफ्फरपूरची. तिन्ही ठिकाणी साथीला आधी एक नाव मिळाले आणि त्या नावाच्या मागे तपास चालू लागला. माझे म्हणणे असे की, नाव चुकते किंवा लोंबकळत राहते ते ज्ञानाच्या अभावी कमी आणि या दोन माणसांची वेळेवर गाठ न पडल्यामुळे अधिक. आजच्या प्रशिक्षणाची कसोटी घ्यायची तर ते ही गाठ घालून देते का, हे पाहावे लागेल.

झिजलेल्या बुटाची शाळा

अलेक्झांडर लँगम्यूर हे अटलांटा येथील संसर्गजन्य रोगांच्या केंद्राचे साथरोगप्रमुख. कोरियाचे युद्ध चालू होते आणि शत्रू जैविक अस्त्रे वापरील अशी भीती अमेरिकेत होती. त्या भीतीचा उपयोग करून लँगम्यूर यांनी १९५१ मध्ये साथींचा माग काढणाऱ्या तरुण डॉक्टरांची एक तुकडी उभी केली. नावात 'इंटेलिजन्स' म्हणजे हेरगिरीचा शब्द आला तो त्यामुळेच. या तुकडीचे बोधचिन्ह आजही तळव्याला भोक पडलेला बूट हे आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पण वर्गात बसणे थोडे. साथ आली की विद्यार्थ्याला तिथे पाठवायचे, अनुभवी माणसाने दुरून लक्ष ठेवायचे, आणि परत आल्यावर त्याने आपला तपास सर्वांसमोर मांडून टीका सोसायची. 'करत करत शिकणे' ही या पद्धतीची सगळी मातब्बरी. पुढे कॅनडाने १९७५ मध्ये आणि थायलंडने १९८० मध्ये असेच कार्यक्रम सुरू केले आणि नंतर ते अनेक देशांत पसरले.

या शाळेत शिकवली जाणारी सर्वांत अवघड गोष्ट गणित नसून एक वाक्य लिहिणे आहे. त्याला रुग्णव्याख्या म्हणतात. अमुक तारखेपासून, अमुक तालुक्यात राहणाऱ्या, अमुक लक्षणे असलेल्या माणसाला या साथीचा रुग्ण समजावे, असे ते वाक्य असते. काळ, स्थळ आणि व्यक्ती या तिन्ही गोष्टी त्यात यायला हव्यात, आणि रोग कोणता हे कळायच्या आत ते लिहायला हवे. काव्याचे लक्षण बांधताना आपल्या शास्त्रकारांनी दोन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती आणि अतिव्याप्ती. जे यायला हवे ते सुटले तर अव्याप्ती, जे यायला नको तेही आत शिरले तर अतिव्याप्ती. रुग्णव्याख्येचे दोषही हेच. फक्त इथे लक्षण चुकले तर समीक्षकांचा वाद होऊन भागत नाही. खरे रुग्ण मोजणीतून गळतात किंवा भलत्याच रोगाचे रुग्ण मोजले जाऊन कारण हाती लागत नाही. चांगला क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ ही व्याख्या तपासाच्या ओघात दोनतीनदा बदलतो, आणि का बदलली ते लिहून ठेवतो.

या शाळेचे सामर्थ्य १९५५ मध्ये दिसले. पोलिओच्या नव्या लशीनंतर काही मुलांना पक्षाघात झाला. कारखान्यातील सुरक्षेच्या चाचण्यांतून ती लस पार पडलेली होती. लँगम्यूर यांच्या माणसांनी रुग्ण मोजले तेव्हा दिसले की, बहुतेक रुग्ण कटर या एकाच कंपनीची लस टोचलेले आहेत आणि ज्या दंडात किंवा मांडीत सुई टोचली त्याच अवयवात पक्षाघात आधी आला आहे. परीक्षानळीने जे सांगितले नाही ते वहीने सांगितले. या यशातूनच एक समजूतही घट्ट झाली असावी : मुख्य काम बुटाचे, नळीचे काम साक्ष देण्यापुरते. प्रयोगशाळेतील माणसाला वेगळे शिकवायची गरज त्यानंतर साठ वर्षे कोणाला तीव्रतेने वाटली नाही.

क्यासनूरचे रान

आपल्याकडे मात्र याच सुमारास एक वेगळी शाळा पुण्यात भरली होती, तीही तसे काही न ठरवता. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले. डासांनी पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास हा त्याचा हेतू. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. १९५७ च्या मार्चमध्ये म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यातून, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडे मरत असल्याची खबर या केंद्राला मिळाली. आसपासच्या गावांत माणसेही तापाने फणफणत होती. माकडे मरतात आणि माणसे तापतात हा जोड दिसताच पहिले नाव सुचले ते पीतज्वराचे. अमेरिका खंडांत पीतज्वराची चाहूल माकडांच्या मृत्यूने लागते. हा रोग आशियात कधी आला नव्हता, पण तो पसरवणारा डास इथे मुबलक होता. नाव खरे ठरते तर देशावर मोठेच संकट होते.

केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि कीटकतज्ज्ञ हॅरॉल्ड ट्रॅपिडो हे भारतीय सहकाऱ्यांसह त्या रानात गेले. मेलेल्या माकडांचे अवयव, रुग्णांचे रक्त, रानातले डास आणि गोचीड, सगळे गोळा झाले आणि पुण्यात तपासले गेले. विषाणू मिळाला. तो पीतज्वराचा नव्हता; रशियात गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी त्याचे नाते होते. तेव्हा शोध डासांवरून गोचिडींकडे वळला आणि 'हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा' ही गोचीड मुख्य वाहक ठरली. त्याच वर्षी या कामावर निबंधही प्रसिद्ध झाला.

या प्रकरणाचे कौतुक 'नव्या विषाणूचा शोध' म्हणून झाले आहे आणि ते योग्यच आहे. पण प्रशिक्षणाच्या दृष्टीने पाहता त्यात याहून महत्त्वाचे काहीतरी आहे. पहिले नाव चुकीचे होते आणि ते अल्पावधीत टाकून देता आले. हे शक्य झाले कारण रानात जाणारा आणि नळीत पाहणारा हे एकाच छपराखाली, एकाच प्रश्नाला बांधलेले होते. प्रयोगशाळेने 'डास सोडा, गोचीड पाहा' म्हटले तर दुसऱ्या दिवशी रानातले काम बदलू शकत होते. रानातला माणूस 'गुरे चरतात तिथे गोचीड जास्त' म्हणाला तर प्रयोगशाळेत काय तपासायचे ते बदलू शकत होते. पुढे सागर येथे केंद्राचे क्षेत्रीय ठाणे उभे राहिले आणि वर्षानुवर्षे काम चालले. जॉर्ज बॉशेल यांनी १९६९ मध्ये जे मांडले ते याच देवघेवीचे फळ होते : रान तोडून शेती वाढली, गुरे रानात शिरली, पोसलेल्या गोचिडींना गुरांचे रक्त आयते मिळाले आणि रानात पूर्वीपासून असलेला विषाणू माणसाच्या वाटेत आला. रोगाचे मूळ विषाणूत शोधता शोधता ते जमिनीच्या वापरात सापडले.

या प्रकरणाचा एक फाटा मुंबईपर्यंत येतो. विषाणू रशियाकडचा वाटला म्हणून तो स्थलांतरी पक्ष्यांनी आणला असेल असा तर्क निघाला. सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला त्यामागे हे एक निमित्त होते. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण भारतीय पक्ष्यांविषयी अमोल माहिती जमा झाली. साथीच्या तपासात टाकून दिलेला तर्कही असा उपयोगी पडतो. अट एवढीच की तो नीट तपासून टाकलेला असावा.

पुण्याच्या या शाळेत उणिवाही होत्या. ती परदेशी पैशावर आणि परदेशी नेतृत्वाखाली सुरू झाली. तिच्यात शिकून तयार झालेल्यांना 'साथतपासनीस' म्हणून कोणतेही प्रमाणपत्र नव्हते, की राज्याच्या आरोग्य खात्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती. या विषाणूची लागण प्रयोगशाळेतल्या माणसांनाही होत असे, आणि तो हाताळण्यासाठी लागणारी सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा पुण्यात आली ती २०१२ मध्ये. म्हणजे पद्धत होती, पण तिची परंपरा झाली नाही. ती एका संस्थेच्या भिंतींत राहिली.

सुरतेचा सप्टेंबर

परंपरा नसली म्हणजे काय होते ते १९९४ मध्ये कळले. ऑगस्टअखेरीस बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसू लागले. त्याआधी उंदीर मेले होते, पिसवांचा त्रास वाढला होता. किल्लारीच्या भूकंपाने उठलेल्या वस्त्या आणि पडून राहिलेले धान्य यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. बीडचा तपास चालू असतानाच सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. कित्येक देशांनी भारताची विमाने बंद केली, माल अडवला. मृत्यूंची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. भीतीने केलेले नुकसान तिच्या कितीतरी पट होते.

क्यासनूरला नाव चुकीचे होते. इथे नाव बरोबर होते, पण ते बरोबर आहे हे कोणाला सिद्ध करता येत नव्हते. रुग्णांना प्रतिजैविके आधीच दिली गेली होती; नमुने घेण्यात, ते वाढवून जंतू ओळखण्यात दिरंगाई आणि त्रुटी झाल्या; रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांवर भिस्त राहिली. संशयित म्हणजे कोण, याची सर्वत्र एकच व्याख्या नव्हती, त्यामुळे दूरदूरच्या शहरांतला साधा न्यूमोनियाही मोजणीत येऊ लागला. ही उघड अतिव्याप्ती. मग मेलिऑइडोसिस, हंटा विषाणू अशी दुसरी नावे पुढे आली. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. साथीच्या काळात मिळालेल्या जंतूंचा पुढे जनुकीय अभ्यास झाला आणि प्लेगच असल्याचे पक्के झाले, पण तोवर साथ संपून बराच काळ लोटला होता.

प्लेग आपल्याला नवा नव्हता. हाफकिन यांनी १८९७ मध्ये प्लेगची लस मुंबईत तयार केली. परळची संस्था आज त्यांचे नाव चालवते. त्या मुंबईहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या सुरतेत, जवळजवळ शंभर वर्षांनी, प्लेगचा जंतू वेळेवर ओळखता आला नाही. ज्ञान नाहीसे झाले नव्हते. पुस्तकांत होते, दिल्लीतल्या संस्थेत होते. रुग्णाच्या खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाला औषधाआधी कोणता नमुना, कशात, कुठे पाठवायचा हे सांगणारा कोणी नव्हता. तो सांगणारा माणूस म्हणजेच घडवलेला साथरोगतज्ज्ञ, आणि त्याचा फोन घेणारा माणूस म्हणजे घडवलेला प्रयोगशाळाप्रमुख.

एका नावाने अडवलेली वाट

सुरतेनंतर देशाने पावले उचलली हे नोंदवले पाहिजे. २००१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने दोन वर्षांचा क्षेत्रीय पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. २००४ मध्ये एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्प आला. त्याचे 'एस', 'पी' आणि 'एल' हे तीन नमुना-अर्ज मला मोठे बोलके वाटतात. 'एस' आरोग्यसेविकेने भरायचा, लक्षणांवरून; 'पी' डॉक्टरने, अंदाजावरून; 'एल' प्रयोगशाळेने, पुराव्यावरून. एकाच रुग्णाची गोष्ट तीन माणसे तीन कागदांवर लिहितात. ते तीन कागद एका टेबलावर आणणे हे प्रशिक्षित माणसाचे काम. २०१२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राने अमेरिकन धर्तीची दोन वर्षांची योजना सुरू केली. तिच्या पहिल्याच वर्षांत मुझफ्फरपूरचे कोडे समोर आले.

बिहारच्या या जिल्ह्यात १९९५ पासून जवळपास दर उन्हाळ्यात मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध होत आणि दगावत. लोक त्याला 'चमकी बुखार' म्हणत. सरकारी नाव होते 'तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह'. हे नाव जपानी मेंदूज्वर हुडकण्यासाठी योजलेल्या पद्धतीतून आले होते. त्या नावात निदान आधीच दडलेले होते : मेंदूला सूज आहे, म्हणजे जंतू असणार. म्हणून वर्षानुवर्षे विषाणू शोधला गेला आणि मिळाला नाही. लोकांच्या नावातही 'बुखार' होताच.

२०१४ च्या उन्हाळ्यात तपास झाला. २६ मे ते १७ जुलै या काळात दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली आणि त्यांतली १२२ मरण पावली. तपासणाऱ्यांनी १०४ आजारी मुलांची त्याच वयाच्या १०४ इतर मुलांशी तुलना केली. आजारी मुलांनी लिची खाल्लेली असण्याचे आणि आदल्या संध्याकाळी न जेवता झोपलेले असण्याचे प्रमाण अधिक होते. ज्यांची रक्तशर्करा पाहिली त्या ३२७ पैकी २०४ मुलांत ती ७० किंवा त्याहून कमी होती. प्रयोगशाळेने जंतू, कीटकनाशके, जड धातू तपासले आणि बाजूला ठेवले. मग लघवीच्या ७३ नमुन्यांपैकी ४८ मध्ये लिचीतल्या विषद्रव्यांच्या खुणा सापडल्या. ही द्रव्ये उपाशी शरीरात साखर तयार होऊ देत नाहीत. लिचीच्या कुळातले अ‍ॅकी हे फळ वेस्ट इंडीजमध्ये असाच आजार घडवते हे आधीच माहीत होते, आणि टी. जेकब जॉन व मुकुल दास यांनी लिचीकडे बोट दाखवले होते. २०१७ मध्ये हा तपास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्षावर वाद आहेत. शेजारच्या बांगलादेशातील अशाच साथीत कीटकनाशकांवर संशय घेतला गेला, उष्म्याचा वाटाही सांगितला जातो. पण सल्ला साधा आणि निरुपद्रवी होता : मुलाला रात्री जेवू घाला, आणि झटका आलेले मूल आले की आधी साखर मोजा व द्या.

प्रशिक्षणाचे फळ म्हणून हा तपास मी उच्च दर्जाचा मानतो. वही आणि नळी यांनी एकमेकींना प्रश्न विचारले, आणि एका नावाने वीस वर्षे अडवलेली वाट मोकळी केली. तरीही २०१९ च्या जूनमध्ये बिहारमध्ये दीडशेच्या आसपास मुले याच आजाराने गेली. इंग्रजी नियतकालिकात जे सिद्ध झाले ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या ग्लुकोमीटरपर्यंत आणि उपाशी झोपणाऱ्या घरापर्यंत पुरेसे पोचले नव्हते. तपास करणारे आले, शिकले, निबंध लिहून गेले. जिल्ह्यात मागे कोण राहिले, हा प्रश्न या पद्धतीला विचारावाच लागतो.

प्रयोगशाळेचा प्रमुख

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. २०१४ मध्ये अटलांटाच्या केंद्रातच अँथ्रॅक्सचे नीट न मारलेले जंतू एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे गेले आणि अनेक कर्मचाऱ्यांना धोका निर्माण झाला. अशा चुकांच्या पाठोपाठ, २०१५ मध्ये, तिथे प्रयोगशाळांच्या भावी प्रमुखांसाठी दोन वर्षांची योजना सुरू झाली. युरोप याआधीच शहाणा झाला होता. तिथे १९९५ पासून साथरोगतज्ज्ञांचा आणि २००८ पासून त्याच्या जोडीने सार्वजनिक आरोग्यातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचा अभ्यासक्रम आहे, आणि दोन्हीकडचे विद्यार्थी काही भाग एकत्र शिकतात. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, प्राणी-आरोग्याची जागतिक संघटना आणि इतर संस्था यांनी मिळून प्रयोगशाळाप्रमुखाला काय काय यायला हवे याचा आराखडा काढला. त्यात नऊ गोष्टी आहेत : प्रयोगशाळांची व्यवस्था, नेतृत्व, व्यवस्थापन, संवाद, गुणवत्ता, जैवसुरक्षा, रोगसर्वेक्षण व साथतपास, आणीबाणीची सज्जता आणि संशोधन.

यादी चांगली आहे. माणसाची आणि जनावराची प्रयोगशाळा एका पंक्तीला बसवली हे तर फारच चांगले. क्यासनूरला माकड, गुरे आणि माणूस एकत्र पाहिले नसते तर काहीच कळले नसते. पण यादी वाचताना जाणवते की, तिच्यात अधिकाराचा उल्लेख नाही. गुणवत्ता टिकवायची तर खराब नमुना परत पाठवण्याचा, अर्धवट भरलेला अर्ज नाकारण्याचा, अभिकर्मके संपायच्या आत मागवण्याचा अधिकार प्रमुखाकडे हवा. कंत्राटावर नेमलेला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हे कशाच्या बळावर करणार? नेतृत्व शिकवता येते, पण जिथे नेतेपदच नाही तिथे ते शिकून काय उपयोग?

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. यादीत 'साथतपास' हा नवांतला एक विषय आहे. माझ्या मते तो बाकी आठांचा पाया हवा. नमुन्याची कुपी एकटी आली तर प्रयोगशाळा फक्त विचारलेल्या नावाला 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकते. डेंगी आहे का, नाही. लेप्टो आहे का, नाही. मग तिचे काम संपते. कुपीबरोबर गोष्ट आली, म्हणजे हा माणूस काजूच्या बागेत कामाला जातो, आठ दिवसांपूर्वी तिथे माकड मेले होते, तर तीच प्रयोगशाळा न विचारलेले नावही शोधू शकते. ही गोष्ट लिहायला साथरोगतज्ज्ञाला शिकवावे लागते आणि ती मागायला प्रयोगशाळाप्रमुखाला.

दोन लाखांमागे एक

दर दोन लाख लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ असावा असे आंतरराष्ट्रीय परिमाण आहे. २०११ च्या जनगणनेचे ११ कोटी २३ लाख धरले तरी महाराष्ट्राला साडेपाचशेहून अधिक माणसे लागतील. ही संख्या गाठायची म्हणून तीन महिन्यांचे छोटे, त्याहून मोठे मधले आणि दोन वर्षांचे पूर्ण असे तीन पायऱ्यांचे अभ्यासक्रम जगभर चालतात. आरोग्यसेवकाला तीन महिने शिकवणे मला मुळीच कमी दर्जाचे वाटत नाही. साथीची पहिली खबर त्याच्याच हाती लागते. आक्षेप संख्येलाच ध्येय मानण्यावर आहे. शिकून आलेला वैद्यकीय अधिकारी वर्षभरात बदलीवर भलत्याच कामाला गेला तरी तो यादीत 'प्रशिक्षित' म्हणून राहतो. आणि प्रयोगशाळेच्या माणसासाठी तर असे परिमाणही रूढ नाही. एका पायाचे माप घ्यायचे आणि दुसऱ्याचे नाही, असा हा जोडा आहे.

कोणी म्हणेल, दोन्ही कामे इतकी वाढली आहेत की एकाने दोन्ही शिकणे अशक्य आहे. ते खरे आहे आणि तशी माझी मागणीही नाही. साथरोगतज्ज्ञाने यंत्र चालवावे असे नाही. पण नमुना बर्फात तीन दिवस राहिला की काय बिघडते हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहावे. प्रयोगशाळाप्रमुखाने घरोघरी वही भरावी असे नाही. पण वहीतला कोरा रकाना कोरा का राहतो हे त्याने एकदा अंगणात उभे राहून अनुभवावे. असे एकत्र शिकण्याचे काही महिने दोन्ही अभ्यासक्रमांत सक्तीचे करायला वेगळा पैसाही फारसा लागणार नाही.

हे सगळे आपल्या दाराशी येऊन ठेपले आहे. क्यासनूरचा रोग २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीच्या पाली गावात दिसला आणि २०१६ च्या जानेवारीत सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावी. पुढच्या वर्षी तो बांदा परिसरात आला. काजूच्या हंगामात बागेत पाचोळ्यावर बसणारी माणसे गोचिडीच्या तोंडी सापडतात. आपल्याकडे या रोगाला 'माकडताप' हे नाव पडले. कानडीतले 'मंगन कायिले' हे नावही त्याच अर्थाचे. हे नाव अर्धे उपकारक आणि अर्धे घातक आहे. माकड मेले की सावध व्हा, ही खूण त्यात जपलेली आहे, आणि ती विज्ञानाच्या आधी रानातल्या माणसांनी टिपली होती. पण माकडापासून दूर राहिले की झाले, असाही अर्थ त्यातून निघतो आणि खरी वाहक गोचीड नजरेआड होते. मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी त्या जागी राहतात, म्हणून ती जागा टाळायची, अंगभर कपडे आणि गोचीडरोधक तेल लावून कामाला जायचे, हे नावाच्या पलीकडे जाऊन सांगावे लागते.

याच रोगाच्या लशीची कथा प्रशिक्षणाच्या बाजूने साक्ष देते. कर्नाटकात ही लस १९९० पासून दिली जात होती. २००५ ते २०१० या काळातील नोंदी तपासून संशोधकांनी, त्यांत चेन्नईच्या संस्थेचेही होते, दाखवले की दोन मात्रांचा परिणाम सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के आहे आणि लस घेणारे मुळात कमी आहेत. गावातील वही आणि प्रयोगशाळेची पुष्टी एकत्र असल्याशिवाय असा हिशेब मांडता येत नाही. लशीवर प्रश्न वाढत गेले आणि पुढे ती वापरातून गेली. नवी लस येईल तेव्हा तिचाही हिशेब असाच कोणीतरी मांडायला हवा, आणि तो माणूस सिंधुदुर्गातच राहणारा असावा.

म्हणून अशा कोणत्याही योजनेचा अहवाल हाती आला की किती पदवीधर, हे पाहण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. शिकून गेलेला माणूस तीन वर्षांनी त्याच कामावर आहे का? त्याने पाठवलेल्या नमुन्याबरोबर गोष्ट गेली होती का, आणि प्रयोगशाळेने ती वाचून उलट प्रश्न विचारला का? आणि तपासाचा निष्कर्ष ज्या गावातून नमुने घेतले त्या गावाला, त्याच्या भाषेत, कळवला का? यांतल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज बहुतेक अहवालांत नसतेच, कारण तो रकानाच कोणी छापलेला नाही. तो छापण्यापासून सुरुवात करता येईल.